दुबार ओळी

बाई,

सोमवारी फाइल पाठवायची आहे आणि आज शुक्रवार. तुमच्या पुस्तकाची एकशे बारा पानं टाइप करून झाली. तीन पेनड्राइव्हवर ठेवली आहेत, एक घरी कपाटात, एक दुकानात, एक माझ्या खिशात. खिशातला दर तासाला चाचपून बघतो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "प्रवीण, चोर आला तर तो पुस्तक नाही नेणार, तुझा पंखा नेईल." अडलंय ते शेवटच्या पानावर. तिथे तुम्ही एकच परिच्छेद तीनदा लिहून ठेवला आहे. तो तीनदा छापायचा की एकदा, हे आता मी कोणाला विचारू?

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. शाळेत शोकसभा झाली, मी मागच्या बाकावर बसलो होतो. एक वक्ते म्हणाले, बाईंनी आजारावर मात करून साहित्यसेवा केली. तुमचं उत्तर मला तिथल्या तिथे ऐकू आलं, "मात कसली? तो माझ्याबरोबर जेवतो-झोपतो." मलाही बोलायला सांगितलं होतं. मी मानेनेच नाही म्हटलं. पनवेलच्या कचेरीसमोर टायपिंगचं दुकान चालवणारा माणूस, भाडेकरार आणि प्रतिज्ञापत्रं करून देणारा, तो काय बोलणार, असं लोकांना वाटलं असेल. पण मला जे बोलायचं होतं ते सभेत बोलण्यासारखं नव्हतं. तुम्हालाच सांगायचं होतं आणि अर्धंच सांगून झालं होतं.

वीस वर्षांपूर्वी तुम्ही पाचवीची प्रश्नपत्रिका घेऊन दुकानात आलात. नमस्कार नाही, काही नाही. "ती ट्यूब बंद कर. ओरडतेय." मला काहीच ऐकू येत नव्हतं. तरी बंद केली. मग पंखा बंद करायला लावलात. मग स्टूल उचलून भिंतीकडे तोंड करून बसलात आणि म्हणालात, "आता टाइप कर, आणि झालं की वाचून दाखव." पडद्याच्या उजेडाने तुमच्या डोळ्यांत टोचायचं, हे नंतर कळलं. तेव्हा वाटलं, कुठली ही ब्याद. त्यात एक गृहस्थ मुलाच्या लग्नाचा बायोडाटा करून घ्यायला आलेले. मुलाची उंची पाच फूट आठ इंच सांगत होते आणि मुलगा शेजारीच उभा. तुम्ही मान वळवून त्याच्याकडे एकदा बघितलंत, "पाच चार" म्हणालात आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलंत. ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. मी चिडलो होतो. घरी आईला सांगताना मात्र मला हसू आवरेना.

प्रश्नपत्रिकेच्या मागोमाग गोष्टी आल्या. पाठकोऱ्या कागदांवर, पेन्सिलीने लिहिलेल्या. कामोठ्याच्या तुमच्या घरी तुम्ही स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून लिहायचात, कारण बसलं की पाय स्वस्थ राहत नाहीत. मी टाइप करायचं, वाचून दाखवायचं, तुम्ही भिंतीकडे बघत ऐकायचं. तुमचं छापलेलं पुस्तक तुम्ही कधी हातात धरलं नाहीत. गुळगुळीत कागदाला बोट लागलं की तुमच्या दातांत कळ यायची. सत्काराच्या शालीचं तेच. अंगावर घातलेली शाल तुम्ही काढून टेबलावर ठेवलीत, तर म्हणे बाईंना गर्व झाला. मी चार जणांना समजावत बसलो. पालथ्या घड्यावर पाणी.

आता कबुलीजबाब. निम्मा तुम्हाला हॉस्पिटलात दिला होता, पण लिहायचंच तर पहिल्यापासून लिहितो.

आमच्या धंद्यात दुबार ओळ म्हणजे पाप. टाइप करताना नजर घसरते, तीच ओळ पुन्हा लागते. प्रतिज्ञापत्रात एक ओळ दोनदा आली की कचेरीतून कागद परत येतो आणि पक्षकार आमच्या नावाने खडे फोडतो. त्यामुळे दुबार ओळ दिसली की डोकं विचार करायच्या आत बोट ती पुसून टाकतं. तुमच्या पहिल्या पुस्तकात अशा एकोणीस ओळी होत्या. एक वाक्य यायचं आणि लगेच तेच वाक्य पुन्हा यायचं. मला वाटलं, बाईंचं लक्ष उडालं असेल. मी त्या काढल्या आणि तुम्हाला विचारलं नाही. पुस्तक आलं, आणि कोणीतरी पेपरात लिहिलं की लेखिकेची भाषा आटोपशीर आहे, एक शब्द जास्तीचा नाही. ते मी तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही "बरं" म्हणालात. मी तो कागद कितीतरी दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला होता, माझंच कौतुक असल्यासारखा.

पुढे वर्षभराने तुम्हाला दुकानात फिट आली. तुम्हाला नवव्या वर्षापासून फिट येतात हे सगळ्या पनवेलला माहीत होतं, मी पाहिली नव्हती. त्या दिवशी मोठी आली. माझी आई गावाहून जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिने काय करावं, माझी चप्पल उचलली आणि तुमच्या नाकाला लावली. तुम्ही शुद्धीवर आलात तेव्हा आई तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, "बाय, तुमी पडून र्‍हावा. आमी हाय ना इथं." तुम्ही बराच वेळ छताकडे बघून विचारलंत, "चप्पल कोणाची होती?" आई म्हणाली, "माज्या प्रवीनची." "मग ठीक आहे," तुम्ही म्हणालात, "पण पुढच्या वेळी नको. कुशीवर वळवायचं आणि वाट बघायची. बाकी काही नाही." आईने मान डोलावली. तिला ते पटलं नव्हतं, पण तुम्ही आवडला होतात. त्यानंतर डब्यात तुमच्यासाठी तांदळाची भाकरी जास्तीची यायला लागली.

तशा मोठ्या फिट क्वचितच. लहान लहान मात्र मी मग रोज बघायला लागलो. बोलता बोलता तुम्ही थांबायचात. डोळे उघडे, पेन्सिल हातात, आणि तुम्ही नाही. अर्धा मिनिट, कधी एक मिनिट. मग पापणी हलायची. एकदा माझ्यासमोर तुम्ही कागदावर दुरुस्ती करत असताना तसं झालं. परत आलात आणि आधीचंच वाक्य तुम्ही पुन्हा पहिल्यापासून लिहिलंत. म्हणजे त्या एकोणीस ओळी अशा आल्या होत्या.

त्या दिवसापासून मी विचारायला लागलो. दुधाने तोंड पोळलं होतं, ताक फुंकून प्यायची पाळी. दुबार ओळ आली की, "बाई, हे दोनदा आहे. ठेवू?" तुम्ही भिंतीकडे बघत विचार करायचात. "ठेव." कधी "काढ." एकदा तुम्ही चार मिनिटं घेतलीत आणि दारात एक वकीलसाहेब घड्याळ बघत उभे होते. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. मी म्हणायचो, "बाई, ही ओळ फिटची आहे, तुमची नाही." तुम्ही म्हणायचात, "फिट काय शेजारणीला येते?" मी म्हणायचो, वाचणाऱ्याला चूक वाटेल. तुम्ही म्हणायचात, वाटू दे. मी म्हणायचो, मग तुम्ही स्वतः कधी कधी "काढ" का म्हणता? त्यावर तुम्ही खरं उत्तर दिलंत. म्हणालात, "मलाच कळत नाही, कुठली माझी आणि कुठली त्याची. अंदाजाने सांगते." हे ऐकून मला बरं वाटायच्या ऐवजी भीती वाटली. तुम्हालाच कळत नसेल तर मी कोण?

आणि तरी पहिल्या पुस्तकाचं मी सांगितलं नाही. बाई दुसरीकडे जातील ही भीती होती. दुसरं काही नाही.

एकावन्नाव्या वर्षी तुम्ही वर्गातल्या एका मुलीला आणि तिच्या आईला घेऊन खारघरला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलात. मुलगी कोणाशी बोलत नाही, आवाज झाला की कान झाकते म्हणून. डॉक्टर प्रश्न विचारत होत्या, मुलीची आई उत्तरं देत होती आणि मागच्या खुर्चीतून प्रत्येक प्रश्नाला तुम्ही "हो, हो" म्हणत होतात. शेवटी डॉक्टरीणबाईंनी मान वर केली आणि विचारलं, तुम्ही कोणाबद्दल बोलताय? दोन महिन्यांनी, तुमच्या स्वतःच्या तपासण्या झाल्यावर, तुम्ही दुकानात आलात आणि म्हणालात, "स्वमग्नता. मोठ्या अक्षरांत टाइप कर, मला बघायचंय." मी केलं. वीस वर्षांत तेवढ्या एका शब्दासाठी तुम्ही पडद्याकडे वळून बघितलंत. "स्वतःत मग्न, म्हणे. उलटं आहे की रे. मला सगळ्यांचंच जास्त ऐकू येतं." मग म्हणालात, प्रिंट नको. आणि थोडा वेळ रडलात. मला काय करावं कळेना, मी ट्यूब बंद केली. ती आधीच बंद होती.

माझी लेक श्रेया तुमच्या वर्गात होती. तुमच्या फळ्याच्या कोपऱ्यात एक यादी कायम असायची, 'बाईंना फिट आली तर.' दोघींनी बाक सरकवायचं. एकीने डोक्याखाली दप्तर ठेवायचं, त्यातून कंपास काढून. श्रेयाने वेळ बघायची, आणि पाच मिनिटं झाली तर शेजारच्या वर्गात सांगायचं. बाकीच्यांनी वाचत राहायचं, मोठ्याने नाही. दहा-दहा वर्षांच्या पोरी, पण एकीने कधी आरडाओरडा केला नाही. वर्गात वर्षानुवर्षं हे चाललं आणि कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मग नवीन मुख्याध्यापक आले. त्यांनी यादी वाचली, पुसली, पालकांची सभा घेतली. सभेत मी होतो. एक बाप उठून म्हणाला, आमची मुलं शिकायला येतात, आजारी माणसाची सेवा करायला नाही. मी काही बोललो नाही, बाई. तोंडाशी आलं होतं, तरी बोललो नाही. तुम्हाला वर्ग सोडून ग्रंथालय सांभाळायला दिलं. तुम्ही मला एवढंच म्हणालात की तिथे घंटा कमी ऐकू येते. त्या ग्रंथालयात तुम्ही दोन पुस्तकं लिहिलीत, आणि मी मनातल्या मनात त्या मुख्याध्यापकाला कधी शिव्या द्यायचो, कधी त्याचे आभार मानायचो. दोन्हीची लाज वाटते.

हॉस्पिटलातली ती दुपार. फिट एकामागून एक आल्या होत्या, आता थांबल्या होत्या, छातीत कफ झाला होता. गोळ्यांनी तुमचे शब्द चिखलातून चालल्यासारखे येत होते. मी ठरवून आलो होतो.

"बाई, पहिल्या पुस्तकात मी ओळी खोडल्या होत्या. दुबार आलेल्या. तुम्हाला न विचारता."

"एकोणीस," तुम्ही म्हणालात.

मी पलंगाजवळ सरकलो. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "तू वाचून दाखवत होतास ना? मी बहिरी आहे का?"

खरंच की. खोडलेलंच मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं, पानन् पान. इतकी वर्षं चोराच्या मनात चांदणं, आणि चोरी मी मालकिणीसमोर बसून केली होती.

"मग बोलला का नाहीत?"

"सात बरोबर खोडल्या होत्यास."

"कुठल्या सात?"

"घरी गेल्यावर सांगते. इथे ते मशीन फार ओरडतंय. आणि उरलेल्या बारांसाठी मला तुझ्याशी भांडायचंय. तयारी करून ये."

मी खूश होऊन घरी आलो. खरंच तयारी केली. माळ्यावरून तुमचे जुने हातचे कागद काढले, एकोणीस ओळी शोधल्या, प्रत्येकीसमोर मला काय वाटतं ते लिहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सुलभाताईंचा फोन आला. तुमची धाकटी बहीण कधी स्वतःहून फोन करत नाही. नाव बघूनच कळलं.

आता हे शेवटचं पुस्तक, तुमच्या मोरा बंदरावरच्या लहानपणाचं. मुंबईला गोदीत काम करणारे तुमचे वडील दर शनिवारी लाँचने घरी यायचे, आणि एका शनिवारी आले नाहीत. आई धक्क्यावर तुम्हाला घेऊन वाट बघते आहे. शेवटच्या पानावर हे:

'लाँच धक्क्याला लागली. आई उठून उभी राहिली. टोपल्या उतरल्या, माणसं उतरली, शेवटी एक बकरी उतरली. आई पदर सावरून पुन्हा बसली.'

मग पुन्हा तेच. मग पुन्हा तेच. तीन लाँचा आल्या असं मी म्हटलं असतं, आणि निवांत झालो असतो. पण बकरी, बाई. प्रत्येक लाँचमधून एकेक बकरी कशी उतरेल? आणि कागद तुम्ही हॉस्पिटलात गेलात त्याच्या आदल्या दिवशीचा. दुसऱ्यांदा लिहिताना पेन्सिल दाबून धरली आहे, तिसऱ्यांदा अक्षर तिरकं गेलं आहे. भिंग घेऊन बघितलं. काही कळलं नाही. एकदा वाटतं, यापेक्षा चांगलं तुम्ही काही लिहिलं नाही. एकदा वाटतं, दोन फिट आल्या आणि मी त्यांना साहित्य म्हणतो आहे.

बुधवारी सुलभाताई दुकानात आल्या. कागद बघितला. म्हणाल्या, "प्रवीण, हात जोडते. एकदाच ठेव. गावात तिला लागीर झालंय म्हणायचे, शाळेत अर्धवट म्हणायचे. जन्मभर ऐकलंय मी. आता शेवटच्या पानावर तेच छापायचं का?" मी "बघतो" म्हटलं. त्या गेल्यावर दोन परिच्छेद पुसायला बसलोही. बोट कळीवर ठेवलं आणि काढलं. तुमच्यावर राग आला. सात कुठल्या, एवढं सांगून जायला काय झालं होतं? त्यावरून काहीतरी नियम काढता आला असता.

काल श्रेया कॉलेजातून दुकानात आली. खारघरला तिसऱ्या वर्षाला आहे आता. कागद तिच्यासमोर धरला, नुसतं विचारावं म्हणून. तिने वाचलं आणि माझ्याकडे बघायला लागली.

"बाबा, तुम्ही इतकी वर्षं टाइप करताय आणि तुम्हाला हे माहीत नाही?"

"काय?"

"बाई शिकवताना अशाच थांबायच्या ना. परत आल्या की आधीचं वाक्य परत म्हणायच्या. तेच्या तेच. आम्ही त्याचीच वाट बघायचो. त्यांचे डोळे हलले तरी आम्ही हलायचो नाही, कारण डोळे आधी येतात, बाई नंतर. ते वाक्य परत आलं, की बाई आल्या. मग बाक जागेवर लावायचं."

तिने हे इतक्या सहज सांगितलं आणि चहा सांगायला खाली गेली. मी ज्याला चूक म्हणत होतो, तुम्ही ज्याला अंदाजाने कधी आपलं कधी परकं म्हणत होतात, ते तीस मुली वर्गात श्वास रोखून ऐकायच्या. एकोणीस वेळा तुम्ही कुठून कुठून परत आला होतात आणि मी एकोणीस वेळा ते पुसलं होतं. त्यातल्या सात बरोबर होत्या म्हणालात, ते माझं मन राखायला का, हेही आता कळणार नाही.

आज सकाळी सुलभाताईंना फोन केला. श्रेया जे बोलली ते सांगितलं. मी विचारलं, "ताई, त्या दिवशी लाँचा किती आल्या होत्या?"

"मला कसं आठवेल? मी आईच्या मांडीवर होते." मग म्हणाल्या, "बकरीपण तिन्ही वेळा ठेवणार?"

"हो."

"कोणी विचारलं तर काय सांगशील?"

"बाईंनी तीनदा लिहिलंय, एवढंच."

"ठेव मग," त्या म्हणाल्या. "पण कोणी हसलं तर मी तुझ्या दारात येईन." येऊ देत. कोणी हसलं तर मलाही कोणाच्या तरी दारात जाऊन भांडावंसं वाटणारच आहे. भीती गेलेली नाही, बाई. हसतीलही लोक. चूक असेलही. पण पालकांच्या सभेत मी गप्प बसलो, ते एकदा पुरे.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ट्यूब बंद केली आणि एकशे तेरावं पान घेतलं. परिच्छेद एकदा टाइप करून खाली दोनदा चिकटवला असता तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण तुम्ही तो तीनदा लिहिला होता, म्हणून मीही तीनदा टाइप केला, अक्षर न् अक्षर. दुसऱ्यांदा बकरीपाशी आलो तेव्हा बोट सवयीने पुसायच्या कळीकडे गेलं. मागे घेतलं. तिसऱ्यांदा आई पदर सावरून पुन्हा बसली, आणि मी पूर्णविराम दिला. त्यापुढे तुमचा कागद कोरा आहे. तरी मी थोडा वेळ थांबलो, बाई.